हेझलनटांची भट्टी

मये, रविवार, १२ एप्रिल, संध्याकाळ

हसावं की ओशाळावं? नणंदेनं परदेशातून टरफलासकट हेझलनट पाठवलेत, सासूबाईंच्या हृदयासाठी. फोनवर मला बजावलं होतं, "आईला रोज मूठभर दे. उरलेले हवाबंद बरणीत, फ्रीजमध्ये ठेव. नाहीतर खवट होतील."

आईंनी टरफल बघितलं आणि काजू भाजायच्याच तयारीला लागल्या. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून हातांना खोबरेल चोपडलं, परसात चूल पेटवली, वर जुना पत्रा ठेवला. "सर गो बाजूक, तेल उडतला!" ह्या टरफलात तसलं तेल नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी गप्प बसले. का? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर यंदा आम्ही त्यांना चुलीपाशी फिरकूच दिलं नाही. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज असा चढला होता. खोबरेलानं कोपरापर्यंत चकाकणारे ते हात!

आणि भाजलेले हेझलनट? झकास! निम्मे चुलीपाशीच संपले, बरणी हवी कशाला?

मघाशी त्या हातांचं खोबरेल धूत होत्या, तेव्हा हळूच खरं सांगितलं. आई म्हणाल्या, "पयल्या बियेकच कळलां माका. पण काजू भाजूक तुमी माका दिलात खंय?"