सांधणाऱ्याचे हात

मंगळवार पेठ, कोल्हापूर
मंगळवार

वृषभदादास,

आदितीचा जय जिनेंद्र. तू, वहिनी आणि बेंगळुरूचं ट्रॅफिक, तिघंही ठीक असाल असं गृहीत धरते. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, ती मी पाळली असं समज.

तुझे वडील, म्हणजे आमचे अण्णाप्पाकाका, कबनूर सोडून आमच्याकडे राहताहेत आणि माझ्याच हॉस्पिटलात घशाच्या ट्यूमरवर रेडिएशन घेताहेत, हे तुला माहीत आहेच. (मशीनमधून नेमका किती डोस जातो ते तपासणं हे माझं काम. घरात मात्र मी 'लाईट लावणारी' आहे.) रेडिएशन रोज, आणि दर सोमवारी एक सलाईन. सलाईन कशाला, असं त्यांनी विचारलं आणि यंत्रमागवाल्या माणसाला कळावं म्हणून मी मागाचं उदाहरण दिलं. पुढचं सगळं त्या उदाहरणामुळे झालं. मी सांगितलं की प्रत्येक पेशीत डीएनएचे दोन दोरे एकमेकांना पीळ देऊन असतात. रेडिएशन ते तोडतं. एकच तुटला तर पेशी दुसऱ्याकडे बघून तो सांधून घेते. दोन्ही जवळजवळच तुटले तर अवघड होतं, पण ट्यूमरची पेशी तेही करू बघते. सलाईनमधलं औषध त्या सांधणाऱ्यांचे हात धरून ठेवतं. काका म्हणाले, "जलमभर माग चालवलं, सांधणाऱ्या कामगाराचा हात कधी धरला न्हाय. आता म्हातारपणी धरू व्हय?" मी म्हटलं, ते कामगार ट्यूमरचे आहेत. तर म्हणाले, "कुणाचाबी असू दे, कामगार त्यो कामगारच की."

काल सोमवार होता. काकांनी रेडिएशन घेतलं आणि सलाईनच्या वेळी गायब झाले. मी शोधत सलाईनच्या खोलीत गेले, तर काका नव्हते, पण त्यांचा सिद्धांत येऊन गेला होता. बिद्रीचे ऊसवाले कृष्णातराव, हाताला सुई, शेजारी स्टुलावर त्यांचा मुलगा, मला म्हणाले, "मॅडम, दोऱ्याचं आमास्नी कळत न्हाय. उसात सांगा की." (उसात सांगितलं नाही. एका उदाहरणाचा अनुभव पुरेसा होता.) काका शेवटी समोरच्या टपरीवर चहा फुंकताना सापडले. तोवर सलाईनची वेळ टळून गेली होती.

तुझी आई, म्हणजे आमच्या रत्नाकाकू, त्याही कामगारांच्या बाजूने आहेत. त्यांना ताकद यावी म्हणून रोज सकाळी काकांना पेलाभर आवळ्याचा अर्क पाजतात. (रेडिएशनने पेशीतलं पाणी फुटतं आणि त्याचे चिडके तुकडे जाऊन दोरे तोडतात. असे अर्क त्या तुकड्यांनाच शांत करू शकतात, म्हणून उपचार संपेपर्यंत डॉक्टरांनी ते मना केले आहेत. काकूंच्या मते डॉक्टर लहान आहे.) म्हणजे एकाच घरातून रोज दोन पक्ष निघतात आणि काकांच्या घशात समोरासमोर येतात. मी थकले आहे. ही तक्रार नाही, नोंद आहे.

येत्या सोमवारची सलाईनही चुकली तर काय, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मग आपण तोडत राहायचं आणि ट्यूमरने सांधत राहायचं. उत्तर मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं होतं.

वहिनींना नमस्कार सांग. उत्तर लिहायलाच हवं असं नाही.

आदिती

ता.क. अर्काच्या खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव तुझं आहे. खोका मी माळ्यावर टाकला आहे. काकूंना तो मी टाकला हे ठाऊक नाही, आणि तुलाही नाही.

आणखी एक ता.क. आज मशीनकडे नेताना काकांना पुन्हा विचारलं, खरं काय ते सांगा. म्हणाले, "रेडिएशन दहा मिन्टांत हुतंय. सलाईनला सगळा दिवस जातोय. त्या बिद्रीच्या पावण्याजवळ पोरगं बसतंय." मग लगेच पुन्हा कामगारांवर आले. मी त्या वेळी ड्यूटीवर असते आणि काकूंना सुई बघवत नाही. रविवारी रात्री तिकडून निघणारी बस सोमवारी सकाळी इथे पोचते. स्टूल मी सांगून ठेवलं आहे. बाटल्या आणू नकोस.