दोरी सैल नव्हती

हार्लन क्रॉसिंग, ओहायो
३ सप्टेंबर १९९८

प्रिय बेरिल,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तिकीट काढलंस हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीनंच टाळ्या पिटल्या. सत्तावीस वर्षं झाली मला इकडे येऊन, आणि माझी सख्खी बहीण पहिल्यांदा माझ्या दारात येणार! मग पान उलटलं. "केलीच्या लग्नाला येते, पण तुझ्या त्या सासूच्या, अर्लीनच्या, टेबलावर मला बसवू नकोस. बसवलंस तर आईच्या पुडिंगचा जाब तिला चारचौघांत विचारल्याशिवाय मी उठायची नाही." तू बोलतेस तसं करतेस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पत्र घडी घालून पिठाच्या डब्यामागे सरकवून ठेवलं, कारण अर्लीन रोज दहाच्या ठोक्याला माझ्याकडे चहाला येते आणि तिला टेबलावरचं काहीही वाचायची खोड आहे.

आधी इकडची खबर सांगते. केलीचा पोशाख शिवून आला, कंबरेत दोन बोटं सैल आहे, पोरगी लग्नाच्या धास्तीनं जेवतच नाही. नवरामुलगा बरा आहे. फार बोलत नाही, पण जेवल्यावर आपली ताटली आपण विसळतो, तेव्हा मला तेवढं पुरे. लग्नाच्या आदल्या दुपारी त्याच्याकडच्या तीस माणसांना आपण जेवू घालायचं, आणि केलीचा हट्ट असा की सगळं इंग्लिशच हवं. "मॉम, तुझ्या हातचं, आजीच्या पद्धतीचं." म्हणजे मटणाचा हॉटपॉट, पारीत भरून भाजलेला कांदा-बटाट्याचा पाय, आल्याचा पार्किन केक. इथं हे करायचं म्हणजे काय दिव्य असतं ते तुला कळायचं नाही. पार्किनला लागणारा काळा पाक मिळत नाही, ड्वेनसारखा नवरा आहे म्हणून, तो कामावरून येताना पन्नास मैल वाकडी वाट करून आणतो. आपली मापं औंसात, यांची कपांत. पहिली दोन वर्षं माझा पार्किन असा व्हायचा की त्यानं दाराला अडसर लावावा.

पण बेरिल, आता मला इथं सगळे "इंग्लिश सुगरण" म्हणतात. चर्चच्या विक्रीत माझे कांदा-बटाट्याचे पाय अर्ध्या तासात संपतात. बायका म्हणतात, "जॉइस, तुझ्या आईनं किती छान शिकवलंय गं तुला!" मी हसून मान डोलावते आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं. आईनं शिकवलं ते तुला. ती कणीक लाटत असायची तेव्हा मी कुठं असायचे ते तुला आणि आपल्या गल्लीतल्या प्रत्येक दिव्याच्या खांबाला माहीत आहे. मला जे येतं ते तुझ्या पत्रांमुळे. आई गेल्यावर मी तुला एकेक कृती विचारत गेले, आणि तू बिचारी "दुःखात आईची आठवण काढतेय पोरगी" असं समजून पानंच्या पानं लिहीत राहिलीस. दुःख होतंच. पण नुसतं दुःख नव्हतं ते. एक पदार्थ मात्र मी तुला कधीच विचारला नाही, तुझ्या लक्षात आलं होतं का? किडनीचं पुडिंग. ते मी आजवर केलेलं नाही.

एकोणऐंशीचा नोव्हेंबर आठव. आई सहा आठवड्यांसाठी म्हणून आली आणि एकोणीस दिवसांत परत गेली. कपड्यांच्या पेटीत स्वेटरमध्ये गुंडाळून तिनं पुडिंगचं चिनी मातीचं भांडं आणलं होतं, शिवाय फडकं आणि दोरी. मी म्हटलं, "अगं आई, अमेरिकेत भांडी मिळतात!" तर म्हणते, "मिळत असतील, पण त्यांना सवय नसेल." एका रविवारी मी ड्वेनच्या घरच्यांना जेवायला बोलावलं. अर्लीन, ड्वेनचा भाऊ, त्याची बायको. आई म्हणाली, पुडिंग मी करणार. शुक्रवारी एकटीच चालत खाटकाकडे गेली आणि बैलाचे गुर्दे आणि त्याभोवतीची चरबी मागितली. आता इथं गुर्दे लोक कुत्र्याला घालतात, आणि ती चरबी हिवाळ्यात झाडाला टांगतात, पक्ष्यांसाठी. खाटकानं आपलं सहज विचारलं, "पक्ष्यांना का, आजी?" आई म्हणाली, "नाही रे बाळा, माझ्या लेकीला." दुकानात जो हशा पिकला, तो संध्याकाळपर्यंत गावभर झाला. ड्वेनचा भाऊ फोनवर म्हणाला, "वहिनी, रविवारी येताना चोच लावून येऊ का?" तो गमतीनं म्हणाला होता. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तू म्हणशील, एवढ्याशा थट्टेचं काय ते मनावर घ्यायचं. आठ वर्षं लागली होती गं मला इथल्यासारखी व्हायला. डब्यातलं सूप ओतून जेवण करायला शिकले, बोलण्यातला आपल्या रॉचडेल गावचा हेल घासून घासून काढला, गिरणीत काम करणाऱ्या बाईची मुलगी आहे हे कुणाला सांगितलं नव्हतं. आणि आई एका दिवसात सगळं अंगणात मांडून बसली. त्या शुक्रवारीच मी दुसऱ्या दुकानात जाऊन शिजवलेलं हॅम आणलं आणि गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये लपवलं. शुक्रवारी, बेरिल. तेव्हा राग डोक्यात गेला, भान नव्हतं, असलं काही मला म्हणता येत नाही.

रविवारी आई सहाला उठली. गुर्दे मिठाच्या पाण्यात घातले, चरबी किसली, पीठ मळलं, भांड्याला आतून पारी लावली, भरलं, फडकं बांधलं, वरून दोरीची मूठ केली आणि पातेल्यात उकळत ठेवलं. पाच तास ती तिथून हलली नाही, पाणी कमी झालं की किटलीतलं ओतायची. चारला मी म्हटलं, "आई, जा, तयार हो. मी बघते." ती वर गेली. ड्वेन टीव्हीवर सामना बघत होता. मी भांडं उचललं, मागच्या दारानं बाहेर आले, कात्रीनं दोरी कापली आणि पुडिंग कचऱ्याच्या पिंपात उपडं केलं. फडकं, दोरी, सगळं त्यातच टाकलं. इतकं छान झालं होतं गं ते. अख्खंच्या अख्खं निघालं, कुठं चीर नाही. वाफ येत होती. मी वर जुनी वर्तमानपत्रं टाकली.

आई निळा फ्रॉक घालून, ब्रोच लावून खाली आली. पाव्हणे बसलेले. अर्लीननं वाडगाभर घोटलेली साय आणली होती, कारण यांच्यात पुडिंग म्हणजे गोडच. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, वाईट झालं गं, पुडिंग फुटलं, पाणी शिरलं आत. फेकावं लागलं." आणि हॅम आणून ठेवलं. चाळीस वर्षांत आईचं पुडिंग एकदा तरी फुटलं होतं का, सांग! तिनं हॅमकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "दोरी सैल बांधली असणार मी. वय झालं आता." अर्लीन हळहळली. म्हणाली, "अरेरे, मी सकाळपासून पोट रिकामं ठेवलं होतं त्याच्यासाठी. पुन्हा कराल ना?" आई म्हणाली, "करीन की." बेरिल, अर्लीननं नाक मुरडलं नाही, ताटली सरकवली नाही, 'असलं आम्ही पक्ष्यांना घालतो' असं ती कधीही म्हणाली नाही. तुला पत्रात लिहिलं ते सगळं मी रचलं होतं. आई लवकर का परतली असं तू खोदून खोदून विचारत होतीस, मला ते कुणाच्या तरी गळ्यात घालायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर पिंपातलं फडकं धुऊन तारेवर वाळत घातलेलं. ओट्यावर पुडिंगची दोरी ठेवली होती. कापलेली, आणि गाठ तशीच्या तशी, घट्ट. आई चहा करत होती. "साखर एकच ना गं तुला?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. तीन दिवसांनी म्हणाली, बेरिलला एकटीला जड जात असेल, मी निघते. पुढं सात वर्षं जगली, दर आठवड्याला पत्र लिहायची, त्यात हवापाणी, शेजारपाजार, केलीला पापे. त्या रविवारचा एक शब्दही नाही. तुलाही काही बोलली नाही, हे तुझ्या रागावरूनच कळतं. लेकीची लाज झाकली तिनं, आणि मी मात्र तिच्याच अंत्यविधीत खाली मान घालून उभी राहिले. तू अर्लीननं इथल्या फुलवाल्यामार्फत पाठवलेली फुलं चर्चच्या दारातून परत पाठवलीस तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. फुलवाल्यानं अर्लीनला कळवलं. तिनं मला विचारलं, "माझं काही चुकलं का गं?" मी म्हटलं, आमच्याकडे बाहेरच्यांची फुलं घेत नाहीत, रीतच आहे तशी. बारा वर्षं ती बिचारी इंग्लिश माणसाच्या मयताला फुलं न्यायची नाहीत, असं सगळ्यांना सांगत फिरतेय.

तर हे पत्र एवढ्यासाठी, की तू विमानात बसायच्या आधी तुला खरं कळावं. मंगळवारी मी अर्लीनला सगळं सांगितलं, तुझं पत्रही वाचायला दिलं. संध्याकाळी ड्वेनला सांगितलं. तो बाहेर गेला आणि आदल्याच दिवशी कापलेलं गवत पुन्हा कापत बसला. अर्लीननं पत्र वाचून त्याची घडी घातली. मग तिनं विचारलं, "तुझ्या आईला कळलं होतं का?" मी म्हटलं, हो. तेव्हा रडली ती, माझ्यासाठी नाही, आईसाठी. जाताना दारात थांबून म्हणाली, "बेरिलला लिही, तुझ्या घरी राहणं तिला जड वाटलं तर माझी मागची खोली मोकळी आहे. मी चादरी बदलून ठेवते." अठ्ठावीस तारखेला विमानतळावर तीच येईल, मी गाडीत थांबेन. तू तिच्या घरी जायचं म्हणालीस तर मी तुझं सामान तिथं उतरवून देईन आणि घरी जाईन. केलीला काय सांगायचं ते माझं मी बघेन. पण ये, बेरिल. माझ्याशी बोलायचं सोडलंस तरी ये.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझीच,
जॉइस