भिंतीचा लोणा

धुळे, २ जुलै १९३४
आलो बुवा एकदाचा! कंपाउंडरची पहिली नोकरी, तीही वेड्यांच्या वॉर्डात. पारोळ्यात मित्रांनी विचारलंच, लीलाधर, तिकडून परत येशील ना? बारा खाटा, शेजारी माझी खोली, जेवण त्यांच्याच मुदपाकखान्यातलं. दोन वेळा ब्रोमाइड, म्हणजे वेड शांत करायचं औषध, पाजायचं आणि ते कुणाला बाधतंय का, हे वहीत लिहायचं. डॉक्टरसाहेबांनी चार रकाने आखून दिलेत: जीभ, बोली, चाल, कातडी. बाधलं तर औषध बंद, दंगा केला तर दीडपट.

५ जुलै
जेवण ठार अळणी! वॉर्डातले जुने नोकर जीवरामनाना म्हणाले, "येडाले मीठ दिधं का डोकं तापस, भाऊ." वीस वर्षांची रीत, मोडणारा मी कोण? सात नंबरचा वना माझ्याच तालुक्यातला. त्याची आई भिकुबाई भेटून गेली. "दिवाळीले मना वना माले दी द्या, भाऊ." मी शब्द दिला. नव्या जागी झोप येत नाही म्हणून साहेबांनी मलाही रोज त्याच ब्रोमाइडचं एक माप घ्यायला सांगितलंय.

१२ जुलै
साहेब महिनाभर चाळीसगावकडे दौऱ्यावर. आज वना भिंत चाटताना दिसला. ओलीनं लोणा धरलाय, त्या पांढऱ्या पापुद्र्यावर जीभ लावून बसला होता. शिसारी आली. त्याचं बघून आणखी तिघे चाटू लागले. वेड वाढलं, असं लिहिलं. औषध दीडपट केलं, खाटा भिंतीपासून ओढल्या. नियमच करून टाकला: भिंत चाटेल त्याचे हात बांधायचे.

२० जुलै
जिभा जाड. बोली बोबडी. सगळ्यांच्या हनुवटीवर पुरळ. औषध थांबवायला हवं, पण साहेब नसताना दंगा झाला तर? नाना म्हणतात, इथं सगळे शेवटी असेच निजतात. चालू ठेवलं. मला भीती वाटते.

२७ जुलै
वना उठत नाही. डोळे उघडतो ते भिंतीकडेच. दाढी करताना माझ्या हनुवटीवरही पुरळ दिसलं. उंबऱ्याला दोनदा अडखळलो.

३१ जुलै
वना गेला. भिकुबाईला काय सांगू? अक्षर वाकडं येतंय —

ऑगस्ट. तारीख आठवत नाही
नानांना हाक मारली. त्यांना माझं बोलणं कळेना. सात नंबरवर निजवलंय मला —

खाटेवरून घसरलो, भिंत आता हाताशी आहे. चाटली. खारट. परत चाटली. सोडवेना —

देवा! ते वेड नव्हतं. मीठच हे औषध अंगाबाहेर काढतं; ते जेवणात नाही म्हणून औषध अंगात साचतंय. वना त्यावरचा उतारा शोधत होता, आणि मी त्याचे हात —

अकरा जण अजून जिवंत आहेत. जेवणात मीठ घाला, एवढंच सांगायचंय. जीभ वळत नाही. लिहून दाखवलं. नानांना वाचता येत नाही —

नानांनी मला चाटताना पाहिलं. दोर आणलाय. पेला भरलेला, दीडपट. माझाच नियम. मायेनं, सगळा पेला संपवा म्हणतात: "पी ल्या भाऊ, बठ्ठं."

डावा हात बांधला. जो कुणी ही वही वाचेल त्यानं आधी मी —