उत्कर्षाची धाव

वारजे, पुणे
४ जानेवारी २०२५

चि. संतोष यास अनेक आशीर्वाद.

तुमच्या हिंजवडीत पोस्टमन दिसला तर लोक त्याचा फोटो काढत असतील. पण काय करू, माझा फोन हे रोज चाळतात, म्हणून कागद घेतला. वेळेवर जेवत जा, मागच्या खेपेला पार वाळलेला दिसलास.

उत्कर्षाला खो-खोच्या जिल्हा संघाच्या निवड चाचणीला बोलावलंय. रविवारी १२ तारखेला, स्वारगेटजवळच्या मैदानावर. पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसत नाही, म्हणजे संधी ही एकच. हे नाही म्हणाले. मुलगी अर्ध्या चड्डीत पळते आणि चार लोक बघतात, एवढंच कारण. मलाही सातवीत असंच घरी बसवलं होतं. तेव्हा तू पाळण्यात होतास.

तर त्या दिवशी ती तुझं ऑफिस बघायला जाणार, असं मी ह्यांना सांगणार आहे. विचारलं तर तू फक्त हो म्हण. पुढचं माझ्यावर सोड. पोरगी रोज पहाटे गच्चीवर पळतेय रे.

तुझी,
हेमाताई

हिंजवडी
१४ जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तिळगूळ घे आणि गोड बोल. यंदा त्याची मला जरा जास्तच गरज आहे.

फोन उचलत नाहीस म्हणून मीही कागद घेतला. शुक्रवारी दाजींनी खरंच विचारलं आणि मला खोटं बोलवेना. चाचणीचं सांगून टाकलं. ते भडकले, मग मीच मधला मार्ग काढला. आमची कंपनी शाळेतल्या खेळांचा व्हिडिओ गेम करतेय: लगोरी, लंगडी, कबड्डी, खो-खो. टीव्हीसमोर उभं राहून आपण हातपाय हलवायचे, की पडद्यावरची मुलं खेळतात. त्यातल्या मुलीला पळण्याची ढब द्यायला खरी पळणारी मुलगी हवी होती आणि महिनाभर ती मिळत नव्हती. रविवारी गाडी पाठवून दाजींसकट उत्कर्षाला बोलावलं.

हालचाल टिपायला ठिपके लावलेला काळा सूट घालून ती दिवसभर कॅमेऱ्यांसमोर पळाली. खांबाला धरून काय वळते गं! सगळी टीम बघत राहिली. दाजींनी दोनदा कॉफी घेतली, ऑफिस आवडलं त्यांना. पोर एक शब्द बोलली नाही, दमली असेल.

चाचण्या काय, होतच राहतात. धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
संतोष

वारजे
२६ ऑक्टोबर २०२५

चि. संतोष यास आशीर्वाद.

भाऊबीजेला ओवाळणीत तू तो गेम घातलास. मी ओवाळलं, कारण ताट हातात होतं.

ह्यांनी तो दुसऱ्याच दिवशी लावला. चार लोकांनी बघू नये म्हणून मैदान बंद केलं होतं. आता येईल त्या पाहुण्याला सोफ्यावर बसवून दाखवतात, बघा, ही आमची उत्कर्षा. मान जराशी डावीकडे टाकून पळायची तिची सवय, वळताना खाली जाणारा खांदा, सगळं जसंच्या तसं उचललंत तुम्ही. काल तर ह्यांनी तिलाच पाहुण्यांसमोर खेळायला उभं केलं. ती हाताची घडी घालून उभी राहिली. पडद्यावरचीही थांबली. पाहुणे चहा पिऊन गेले.

चाचणीत तिच्या वर्गातल्या प्रियदर्शनीची निवड झाली. हिनेच तिला वळायला शिकवलं होतं. त्या रविवारनंतर उत्कर्षा मैदानावर गेलेली नाही. ह्यांच्या धाकाने नाही. ह्यांना न सांगता जाऊ, असं मी दोनदा म्हटलं, तर नको म्हणाली. बूट तिने कामवाल्या मावशींच्या मुलीला देऊन टाकले. मला तुझा राग येतो, संतोष. ह्यांच्यापेक्षा जास्त येतो, कारण ह्यांच्याकडून मला अपेक्षाच नव्हती.

गेमच्या दुसऱ्या भागासाठी डिसेंबरात तिला पुन्हा पाठवा, असं तू ह्यांना कळवलंस म्हणे. परवानगीही लगेच मिळाली. मी तिला विचारलं. ती दप्तर भरत होती, वरसुद्धा न बघता म्हणाली, “मामाला सांग, आहे ना तिथे एक मुलगी, तिलाच पळव.”

तब्येत सांभाळ. मायेचं या वेळी काही लिहीत नाही.

हेमा