दारावरची यादी

टोकावडे,
मंगळवार, ३ डिसेंबर २००२

तीर्थस्वरूप महिपतमामांस,

संदेशचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मालूमामींनी सांगितलेला शेक घेता, की नुसतं ‘घेतो’ म्हणता? इकडे सगळे खुशाल. आईची तब्येत ठणठणीत (म्हणजे हाक मारली की नाक्यावरच्या ढाब्यातला माणूसही ओ देतो). मी खुशाल नाही, पण ते ओघाने येईलच.

मामा, मी दमलो. भात झोडून नव्हे, निश्चय करून. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे आंघोळ करून मी ओटीच्या दारावर आतल्या बाजूने खडूने यादी लिहिली. एक, परीक्षेचा फॉर्म भरणे. दोन, रागावणे बंद. तीन, सांगणे. (कोणाला आणि काय, ते मुद्दाम लिहिलं नव्हतं. तुम्हाला म्हणून सांगतो, गीताबाईंची अक्षदा, आमच्या आळीतली, बालवाडीत शिकवते ती. खडूही तिच्याकडूनच आणला, चार वेळा.) तीनच तर कामं, संक्रांतीपर्यंत सहज उरकतील असं वाटलं होतं. दुसरं कलम पाडव्यालाच नऊ वाजता मोडलं. शेजारच्या कमळूच्या कोंबड्याने आमच्या वाळत घातलेल्या भातात पाय घातला आणि मी त्याच्याशी अर्धा तास भांडलो. (कोंबड्याशी. कमळू सोडवायला आला होता.)

पण खरा घात झाला तो यादी दारावर लिहिल्याने. चौथ्या दिवशी बाबांनी खाली लिहिलं, ‘भारे खळ्यावर आणणे’. आईला लिहिता येत नाही, तिने गिरजाआत्याकडून ‘कणगी सारवणे’ लिहून घेतलं आणि आत्याने लिहिता लिहिता स्वतःचंही एक काम घुसडलं. मग कमळू आला. कोंबड्याचं विसरून म्हणाला, “संदेश, तुमचं दार लय कामाचं हाय रे. माझा पंप मुरबाडला न्यायचाय, तेवढं लिव ना.” आणि मामा, मी लिहिलं! रोज सहा कामं करतो, सहांवर रेघा मारतो, आणि संध्याकाळी बघावं तर वरची तीन तशीच. लोक म्हणतात पोरगा मार्गी लागला. कॉलेज सोडल्यापासून मला कोणी बरं म्हटलं नव्हतं, त्यामुळे हेही सोडवत नाही.

फॉर्म भरण्यात काय अवघड, असं तुम्ही म्हणाल. अवघड ती मुरबाडच्या कॉलेजातली खिडकी. दोन वर्षांपूर्वी ज्याच्यासमोर मी ओळखपत्र फाडून ‘तुमचं कॉलेज तुम्हालाच ठेवा’ म्हणून निघालो, तोच क्लार्क अजून तिथे बसतो. (तो बिचारा फोटोवर शिक्का नाही, एवढंच म्हणाला होता.) तीनदा एसटीत बसलो. एकदा अर्ध्या वाटेत सरळगावलाच उतरलो, दोनदा गेटपर्यंत जाऊन वडापाव खाऊन परत आलो.

परवा अक्षदा विरजण मागायला आली. मी खळ्यावर. घरी येऊन बघतो तर यादी तपासलेली! तीन नंबरसमोर, मुलांना पाटीवर गिरवायला देतात तशा गोल अक्षरांत: ‘कळलं. आधी एक.’ आणि तळाशी, ‘दहापैकी दोन’. पुसलं जाऊ नये म्हणून मी तिथे गोणपाट टांगलाय. आई विचारते, “दाराला थंडी वाजते का रे?” आणि आज आत्याने बातमी आणली, रविवारी धसईची माणसं अक्षदाला बघायला येणार. शनिवारी फॉर्मची शेवटची तारीख. एक नंबर झाल्याशिवाय मी तिच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ?

असो. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (आजवर नव्हतो) भाचा,
संदेश

ता. क. : तुमच्या घरापासून कॉलेज पाच मिनिटांवर. शनिवारी अकराला खिडकीपाशी याल? बोलेन मीच, माफीही मीच मागेन. तुम्ही फक्त माझ्या पायावर पाय ठेवून उभे राहा. मी ‘ओ साहेब, ऐका’ म्हणालो की दाबा, माझं भांडण तिथूनच सुरू होतं. (दुखऱ्या गुडघ्याचा पाय नको.)

आणखी एक ता. क. : आज शुक्रवार. ‘पत्र टाकणे’ हे यादीत अकरावं होतं, त्यामुळे पत्र अजून खिशातच आहे. आता टपालाने पोचायचं नाही. उद्या पहिल्या एसटीने मीच घेऊन येतोय. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी तुमच्यासमोरच बसलेला असेन. वाचून झालं की काही बोलू नका, चपला घाला. जाड तळाच्या.