पिवळी मिठाला येतात

४ ऑगस्ट

पोचलो एकदाचे! हातगाडीवर सामान, सामानावर बाबा आणि बाबांच्या मांडीवर कॅमेऱ्याची पेटी, अशी आमची वरात फाटकापासून निघाली ती दोन किलोमीटर गवत तुडवत घरी आली. फाटकाच्या आत गाडी आणायला बंदी आहे, कारण आत सगळी फुलपाखरांच्या मोजणीची जागा. हातगाडी ओढणारे इथले राखणदार वयानं बाबांच्या बरोबरीचे असतील. डोक्यावरची टोपी ते झोपेतही काढत नसावेत, म्हणून मी त्यांचं नाव टोपीकाका ठेवून टाकलं.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, पुढे व्हरांडा. खिडक्या इतक्या की घरात राहतोय की काचेच्या बरणीत, कळत नाही. बाबांची खुर्ची मी व्हरांड्यात मांडली. धाकट्या भावाचा फोन आला. पक्षाघात झालेल्या माणसाला रानात नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे, असं त्यानं चौथ्यांदा सांगितलं. मी म्हटलं, तुझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर त्यांना नुसती भिंत दिसते, इथे निदान क्षितिज तरी दिसेल. तीन महिन्यांत बाबा निदान एकदा मनापासून हसले पाहिजेत, एवढंच मी ठरवून आलेय. कामाचं नंतर बघू.

काम तसं सोपं आहे. कुरणातलं सगळ्यात साधं, कुणी ढुंकूनही न बघणारं छोटं पिवळं फुलपाखरू. त्याचा अख्खा हंगाम टिपायचा. रोज सकाळी ठरलेल्या पायवाटेनं चालायचं, दिसेल त्याचा फोटो काढायचा, जाळीत येईल त्याच्या मिटलेल्या पंखावर बारीक पेनानं आकडा घालायचा आणि सोडून द्यायचं. वीस वर्षं बाबांच्या स्टुडिओत मी लोकांचे पासपोर्टचे फोटो काढले. हे काम त्याहून अवघड नसावं.

९ ऑगस्ट

आहे. अवघड आहे. स्टुडिओत माणसाला हनुवटी खाली घ्या, हलू नका म्हटलं की काम व्हायचं. इथलं गिऱ्हाईक बसतच नाही. गवताच्या पात्यांवरून हेलकावे खात जातं, बसेल बसेल वाटतं आणि पुढे सरकतं. बसलं की पंख मिटतं, मग ते वाळकं पान की फुलपाखरू तेही कळत नाही. पाच दिवसांत अकरा आकडे घातले आणि धड फोटो एक.

नळाजवळच्या ओल्या मातीवर मात्र ती घोळक्यानं बसतात. याला चिखलपान म्हणतात. त्यांना पाणी नको असतं, मातीतले क्षार हवे असतात. टोपीकाकांची एक गंमत पाहिली. कुरणात पाय टाकण्याआधी ते नळावर हात, मान, तोंड खसखसून धुतात आणि कोरडं करून मगच जातात. मलाही तसं करायला सांगितलं. मी म्हटलं, फुलपाखरांना भेटायला एवढा नट्टापट्टा कशाला. ते हसले नाहीत.

१६ ऑगस्ट

आज मी स्वतःवरच खूश आहे. हे काम देणाऱ्या कार्यालयातल्या बाई जवळून काढलेले फोटो मागून मागून डोकं खात होत्या. म्हटलं, यांना मीठ हवंय ना? घ्या. वाटीत मिठाचं पाणी केलं, कापसाचा बोळा बुडवला आणि बाबांच्या डाव्या हाताच्या पाठीवरून फिरवला. त्यांचा उजवा हात हलत नाही आणि डावा ते हलवत नाहीत. असं स्थिर टेबल मला कुठे मिळणार होतं?

दहा मिनिटांत एक आलं, मग तीन. केसासारखी सोंड उलगडून त्यांनी कातडीवर टेकवली. मी भराभर फोटो काढत होते आणि सहज वर पाहिलं, तर बाबा हसत होते. अर्धंच हसू, डाव्या बाजूचं, पण दीड वर्षानंतरचं. आयुष्यभर हा माणूस कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिला. त्यांचा असा फोटो मी प्रथमच काढला आणि मला कॅमेऱ्याआड रडू आलं.

२४ ऑगस्ट

आता हा आमचा रोजचा कार्यक्रम झालाय. दहा वाजता खुर्ची, कापूस, मीठ. काल हातावर एकाच वेळी सव्वीस होती. फोटो बघून बाई इतक्या हरखल्या की स्वतः फोन केला.

टोपीकाकांनी आज पाहिलं आणि पायरीवरच थबकले. मी हौसेनं सगळी कृती सांगितली. माणसाला कधी लावायचं नसतं, म्हणाले. मी विचारलं, का, चावतात का? त्यावर ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "चावत नाहीत, ताई. पण चव लागली की ती चिखलाकडे परत जात नाहीत." मग बाबांचा हात त्यांनी आपल्या पंचाने, मूल पुसावं तसा पुसला. जुनी माणसं, जुनी भीती. तरी उद्यापासून मीठ लावणार नाही.

१२ सप्टेंबर

मीठ लावणं बंद करून तीन आठवडे होत आले. ती येतात. बरोबर दहाला येतात.

आज जुने फोटो लावून बघताना एक गोष्ट ध्यानात आली. हे फुलपाखरू दोन-अडीच आठवडे जगतं. पायवाटेवर मी आकडे घातलेली पहिली सगळी कधीच संपली. शेवटी शेवटी त्यांचे पंख विटून चिंध्या झाले होते. पण बाबांच्या हातावर बसणारी, सतरा, एकोणीस, बावीस, ही महिन्यापूर्वीची आहेत. पंखाला एक ओरखडा नाही. रंग तर उलट गडद झालाय. आकडे चुकले असतील म्हणून तीनदा ताडून पाहिलं. अक्षर माझंच आहे.

बाबा आजकाल दुपारभर पेंगतात. जेवण अळणी लागतं म्हणून ताट सरकवतात.

२० सप्टेंबर

डॉक्टर फाटकातून चालत आले, रक्त घेऊन गेले, संध्याकाळी फोन केला. अंगातलं मीठ फार कमी झालंय म्हणाले. म्हाताऱ्या माणसांत होतं असं, जेवणात मीठ वाढवा, या गोळ्या द्या, नाहीतर ग्लानी वाढेल. मी विचारणार होते की मीठ अंगातून दुसरीकडे कुठे जाऊ शकतं का. विचारलं नाही. वेड्यात काढलं असतं.

मीठ वाढवलं आहे.

२७ सप्टेंबर

जितकं मी मीठ घालते तितकी ती वाढतात. आज एकशे चाळीस मोजली आणि सोडून दिलं. हात, मनगट, मान, कानाच्या मागे. चिखलावर माद्या सहसा येत नाहीत, नरच येतात. इथे माद्याही आहेत. नळाजवळची ओली माती पूर्ण मोकळी पडलीय.

पंचाने झटकली तर दोन हात मागे सरतात आणि परत बसतात. मारली का नाहीस, असं भाऊ विचारेल. मारली. दहा-बारा चपलेखाली चिरडली. फरशीवर पिवळी भुकटी उरली आणि ती ओलसर होती. बोटाला लावून जिभेवर टेकवली. का टेकवली ते सांगता येत नाही. खारट होती.

३ ऑक्टोबर

बाबांना घाम येत नाही. पत्र्याखाली मी निथळतेय आणि त्यांची बनियन सकाळी घातली तशी कोरडी. कातडी कांद्याच्या सालासारखी झालीय. आज त्यांना खुर्चीतून पलंगावर उचलून नेलं, एकटीनं. महिन्यापूर्वी टोपीकाका आणि मी दोघांच्या नाकी नऊ यायचे.

आता व्हरांडा बंद. दारं-खिडक्या लावल्या. फटींत चिंध्या कोंबल्या. लोक अंधाराला भितात. मी सकाळच्या दहाला भिते.

११ ऑक्टोबर

काचांवर बसतात. बाहेरून, पंख मिटून, एकाला लागून एक. खोलीत उजेड पिवळा येतो. आवाज मुळीच नाही. आवाज असता तर बरं झालं असतं.

भावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ताबडतोब निघा. कार्यालयातल्या बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या की हे फार दुर्मीळ वर्तन आहे, जमेल तेवढे फोटो काढून ठेवा. मी फोन आपटला. पण त्यांना काय बोलणार? फोटोपायी बापाच्या हाताला मीठ कुणी फासलं? मीच धोंडा पाडून घेतला आणि तोही माझ्या पायावर नाही, त्यांच्या.

१४ ऑक्टोबर

आज निघालो होतो. टोपीकाकांनी पहाटेच निघू म्हटलं, ऊन यायच्या आत. बाबांना चादरीत गुंडाळून हातगाडीवर ठेवलं. अर्धी वाट व्हायच्या आत ऊन पडलं.

गवतातून उठली. झुंड म्हणावी तर घाई नव्हती. जेवायला बोलावल्यासारखी सावकाश आली. चादर पिवळी झाली. मग गाडी ओढून घामेजलेले टोपीकाका. त्यांच्या टोपीखालून, पापण्यांवर — ते ओरडले नाहीत, गाडी सोडून डबक्यात आडवे झाले आणि चिखलानं अंग घासत राहिले. आम्ही मागे फिरलो. घरच जवळ होतं.

दाराशी ते म्हणाले की बंद गाडीच आत आणायला हवी. त्याला वरच्या साहेबांची लेखी परवानगी लागते आणि साहेब दौऱ्यावर आहेत. भाऊ तिकडे ठाण मांडून बसलाय. एकोणीस तारखेला दुपारी बारापर्यंत गाडी आणतोच, असं सांगून टोपीकाका गेले. जाताना अंगाला ओला चिखल फासून गेले. बाबांना मी तसा लावून बघितला. अंगावर वाळून लगेच गळून पडतो. ओल धरतच नाही.

१६ ऑक्टोबर

बाबा बोलले. महिन्याभरात पहिल्यांदा. आधी वाटलं पाणी मागतायत. तोंडाशी कान नेला.

"मला बाहेर ठेव," म्हणाले. मग खूप वेळानं, "तू जा."

त्यांना सगळं कळत होतं. पहिल्यापासून. मी बाहेर बसवायची म्हणून बसत होते, मी खूश होते म्हणून. आता ती रात्रीही दारावरून हलत नाहीत. बाबांचं म्हणणं असं की ती त्यांच्यावर बसलेली असताना मला फाटक गाठता येईल.

मी नाही म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. रागावले असावेत.

नाही ठेवणार. काहीही झालं तरी नाही.

१७ ऑक्टोबर

मी बिनमिठाचं खाते. दर तासाला अंग पुसते. माझा घाम, माझा वास — काचेवरची आता मी जाते त्या खिडकीकडे सरकतात.

बाबा श्वास घेतायत. मोजते. मधे फार अंतर पडतं.

आतमध्ये एकही नाही. छत, कपाट, पलंगाखाली, सगळं पाहिलं. एकही नाही.

१८ ऑक्टोबर

दारं बंद. फटी बंद. तरी ते आणखी हलके झालेत. कसे — मी चार दिवस एक फट उघडलेली नाही —

पाय गार होते म्हणून चादर दोन घड्या करून घातली होती. हातगाडीवरचीच. दुसरी नाही. घडी उलगडून झटकावी म्हटलं.

घडीच्या आत. पंख मिटून. पोतं शिवावं तशी टाक्याला टाका लागून. आमच्याबरोबरच घरात आली होती. मीच त्यांना गुंडाळून आणली, मीच रोज नीट पांघरून —

चादर न्हाणीघरात टाकून दार लावलं. बाबांची पाठ बघितली. लिहीत नाही.

१९ ऑक्टोबर, सकाळ

साडेआठला बाबा गेले.

हात हातात होता. वजन नव्हतं त्याला. डोळे मी मिटले.

बारापर्यंत थांबायचं. साडेतीन तास. फक्त एकच करायचं नाही. ते केलं नाही तर मी सुटेन. म्हणून लिहितेय. हात चालू असला की बाकीचं आवरतं.

पावणेदहा. न्हाणीघराच्या दाराखाली पिवळं दिसतंय. टॉवेल कोंबलाय. माझ्यात काही नाही. अंग पुसलंय. मी कोरडी आहे.

दहा वाजून वीस. भावाचा फोन. परवानगी मिळाली, निघाले म्हणाला. बाबा कसे आहेत विचारलं त्यानं. बरे आहेत म्हटलं. मोठ्यानं सांगितलं असतं तर —

त्यांचा फोटो पुढ्यात आहे. उचलायला नको होता. तो अर्धा हसणारा. ते हसत होते तेव्हा माझ्याकडे बघत होते. फुलपाखरांकडे नाही. मला आत्ता दिसतंय. ते माझ्या आनंदाला —

नाही. रडायचं नाही. हनुवटी वर. श्वास. बारा वाजतील. बारा —

टॉवेल हलतोय.

पानावर एक थेंब पडलाय. माझाच. दुसरा गालावर आहे. खाली येतोय तो जाणवतोय. अजून हनुवटीला लागला नाही — लागत नाहीये — वाटेतच कुणीतरी —