दाणा पुसू नये

लिहून ठेवते ती मी: घरात ताई, कामावर दाणेवाली, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, व्हिडिओ कंपनीच्या तपासणी खोलीतून निवृत्त. मन ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे आणि डोळे ठिकाणावर असल्याचा चष्मेवाल्याने, म्हणून दोघांनाच साक्षीला बसवले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणे सोपे नाही, हे ओळखीच्यांना ठाऊक आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावे. मधल्या खोलीला मी जाड पडदे लावून कायम अंधार केला. तिला हवे तर तिने ते काढावेत, माझी हरकत नाही. टीव्ही मात्र खिडकीसमोर ठेवू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक माझा शेवटचा खर्च भागवून भावजयीला द्यावी. आम्हा भावंडांच्या अबोल्यात ती दोन्ही घरांत येत-जात राहिली, पण इकडचे तिकडे तिने कधी केले नाही. अशी माणसे मागून मिळत नाहीत.

कलम ३. मोठा टीव्ही खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना. टीव्ही बनवणाऱ्या कंपनीने त्यात भरून दिलेल्या सगळ्या सुधारणा मी बंद केल्या आहेत, त्या पुन्हा चालू करू नयेत. चित्र गुळगुळीत दिसत नाही म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावू नये. टीव्ही बिघडलेला नाही.

कलम ४. माझे पितळी कडीचे भिंग कंपनीतल्या जुन्या साहेबांना द्यावे. कारण सांगते. फिल्मवरचे चित्र बारीक दाण्यांचे बनलेले असते. दर चित्रात दाणे वेगळे पडतात, त्यामुळे फिल्म चालू झाली की पडद्यावर हलकी सळसळ दिसते. जुन्या अंधुक टीव्हीवर ती कळत नसे. हाय डेफिनिशन आले, चित्र लख्ख झाले आणि दाणा उघडा पडला. लगेच गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या, ‘चित्रात मुंग्या फिरतात.’ साहेबांनी दाणे पुसणारे यंत्र आणले. ते दाण्यांबरोबर गालावरची लव पुसते, कापडाचा पोत पुसते, भिंतीचे पोपडे पुसते. माणसे मेणाची होतात. अशा डिस्कवर मी ‘परत’ असा शिक्का मारत असे.

साहेब म्हणत, “अहो बाई, लोकांना स्वच्छ हवंय.”

मी म्हणे, “साहेब, दाणा म्हणजे घाण नव्हे. चित्र त्याचंच बनलंय. विटा नकोत, भिंत तेवढी हवी, असं कसं चालेल?”

मी निवृत्त झाल्यावर त्यांनी शिक्का फेकून दिला, असे ऐकते. भिंग तरी जपून ठेवावे.

कलम ५. बाबांची करवत आणि बाबांचे रीळ धाकट्याला. खरे तर या कलमासाठीच मी लिहायला बसले.

बाबा सुतार. धाकट्याच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. आमची आत्या तोंडाने फाटकी. ‘आईला गिळून आलाय, बाप ढुंकून बघत नाही त्याच्याकडे,’ हे तिने धाकट्याच्या देखत इतक्यांदा म्हटले की त्याने ते खरे धरले. बाबा अबोल, त्यांनी कधी खोडून काढले नाही. आज धाकट्याचे केस पिकले, तरी त्याचे पालुपद तेच, “बाबांना मी नकोच होतो.”

मामाला छोट्या कॅमेऱ्याचा नाद होता. त्याने बाबांना काम करताना टिपले, ते एकच रीळ. मी तेव्हा शाळेत गेले होते. पुढे धाकट्याने जुन्या रिळांच्या डिस्क करून देण्याचे दुकान काढले, तेव्हा हेही तसल्याच दाणे पुसणाऱ्या यंत्रातून काढले आणि सगळ्यांना बोलावून आपल्या नव्या टीव्हीवर दाखवले. चित्र चकचकीत. बाबा खाली बसून, डाव्या पायाने फळी दाबून करवत चालवतात, पण भुसा उडत नाही. मागचा कोपरा काळाकुट्ट. उजवा पाय उगाचच हलत राहतो. मग ते एकदम करवत टाकून उठतात आणि मोकळ्या जमिनीवर अडखळतात. तिथे रीळ संपते. सगळे हसले.

धाकटा म्हणाला, “पाय हलवायची खोडच होती बाबांना.”

मी सगळ्यांसमोर म्हणाले, “हे बाबा नव्हेत, मेणाचा पुतळा आहे.”

तो म्हणाला, “ताई, तुला दाणे दिसतात. मला बाबा दिसतात.”

तेव्हापासून अबोला. मूळ रीळ माझ्या कपाटात होते. त्यानंतर भावजयीकडून त्याचा एवढाच निरोप आला, ‘त्याला आंबूस वास मारतो. फेकून दे, सगळं डिस्कवर आहे.’

फिल्म मरायला लागली की असा वास येतो. म्हणून गेल्या महिन्यात जुन्या सहकाऱ्यांकडून मी ती दाणा न पुसता नव्या डिस्कवर उतरवून घेतली आणि मधल्या खोलीत एकटीने पाहिली.

भुसा उडतो. खिडकीतल्या उन्हात तो तरंगत राहतो. आणि बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधलेली आहे. यंत्राने ती ओरखडा समजून काढून टाकली होती. दोरी मागच्या कोपऱ्यात जाते आणि तिथे पाळणा आहे. बाबा हातांनी करवत चालवतात, पायाने पाळणा हलवतात. मग पाळण्यातून एक इवलीशी मूठ वर येते. बाबा करवत टाकून देतात. अंगठ्याची दोरी सोडायचेही भान त्यांना राहत नाही, आणि तिच्यातच पाय अडकून ते धडपडतात. मला रडू आवरले नाही.

अट अशी: धाकट्याने माझ्या पश्चात ही डिस्क मधल्या खोलीत, पडदे ओढून पाहावी. हे कलम त्याला आधी वाचून दाखवू नये. मध्ये थांबवू नये, थांबलेल्या चित्रात कोपऱ्यात नुसते दाणेच दिसतात. चालू ठेवली की डोळा आपोआप जोडत जातो आणि पाळणा दिसू लागतो. दोरी जाईल तिकडे नजर न्यावी, एवढेच त्याला सांगावे. डिस्कची कसलीही सफाई करू नये.

आत्याला देण्यासारखे काही नाही, ती वारली आहे. तिचे बोलणे मात्र या कलमाने रद्द समजावे.

कलम ६. वरील सर्व व्यवस्था भावजयीने पाहावी.

लिहिता लिहिता एक अडचण ध्यानात आली. लहानपणी काही सापडले की धाकटा ‘ताई, ताई’ करत आधी माझ्याकडे धावायचा. मोठा झाला तरी ती सवय गेली नव्हती, अबोल्याने गेली. दोरी दिसली की तो मलाच फोन लावील. तेव्हा उचलायला मी नसेन.

हे मी स्वतः लिहिले, साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: ताई

साक्षीदार: १. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर (सही)
२. कोपऱ्यावरचे चष्मेवाले (सही)

स्थळ: राहते घर, मधली खोली
दिनांक: १४ मार्च २०२६

खोडाखोडीची नोंद: कलम ५ मधील ‘माझ्या पश्चात’ हे शब्द खोडून तिथे ‘उद्या दुपारी’ असे वाचावे. खोडाखोड माझीच, साक्षीदारांसमोर केलेली. धाकट्याला फोन लावला. “येतो,” म्हणाला.

सही: ताई